शाहीनबाईंची खोली

शाहीनचे केस गळतात हे ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिथून सगळी गडबड सुरू झाली.

त्या दिवसांत माझेही केस गळत होते. मुक्ता नुकती रांगायला लागली होती आणि न्हाणीघराच्या जाळीत रोज सकाळी केसांचं एक छोटं मांजर सापडायचं. डॉक्टर म्हणाल्या, बाळंतपणानंतर होतं असं, नवे येतील. आई फोनवर म्हणाली, माक्याचं तेल लाव. आशुतोष म्हणाला, "हं." आशुतोष म्हणजे माझा नवरा. ओमानमध्ये सोहारच्या बंदराजवळ एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर आहे. कुठल्या पाइपातलं तापमान अर्ध्या अंशानं चढलं तरी त्याला कळतं. बायकोचं चढलं तर काटा दाखवावा लागतो.

मी पुण्यात असताना लोकांची घरं सजवायचे. तसं शिक्षणही घेतलंय. पण माझ्या व्हिसावर 'फॅमिली जॉइनिंग' असं लिहिलं आहे. म्हणजे मी आशुतोषला जोडून आलेली वस्तू, फ्रिजबरोबर स्टॅबिलायझर येतो तशी. त्यामुळे आशुतोषच्या ऑफिसातले अहमद अर्बाब एका शुक्रवारी सोहारजवळच्या सहम गावातल्या आमच्या फ्लॅटवर आले आणि "मैडम, सुना तुम डिज़ाइन करता?" म्हणाले, तेव्हा मला रडूच यायचं बाकी राहिलं. कित्येक महिन्यांत मला 'मुक्ता जेवली का' याखेरीज कुणी काही विचारलंच नव्हतं. मैत्रीखातर करायचं काम, पण काम! शिवाय खोली आवडली तर पुढे त्यांचं अख्खं घर नव्यानं करायचं होतं, तेही माझ्या हातून.

"मेरा मज़रा में एक कमरा बनाने का," ते म्हणाले. मज़रा म्हणजे त्यांची खजुराची बाग. "शाहीन के लिए. शाहीन आता, दुबई साइड से." आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की मीच लाजून नजर खाली घातली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ओमानमध्ये पुरुषाला त्याच्या घरच्या बायकांबद्दल काही विचारायचं नसतं. 'घरचे बरे आहेत ना' इथवर ठीक. नाव, गाव, नातं विचारणं म्हणजे उद्धटपणा. हा धडा श्यामलाकाकूंनी मला विमानतळावरून घरी येतानाच गाडीत दिला होता. तेव्हा शाहीन कोण, हे विचारायची सोय नव्हती. त्यातून अर्बाबांच्या हिंदीत सगळं जग पुल्लिंगी. त्यांची आई 'आता', बायको 'जाता', चहा तर नेहमीच 'गरम होता'.

"कमरा कैसा चाहिए?" मी वही उघडली.

"ठंडा. अंधेरा. खिडकी नहीं."

"खिडकी बिलकुल नहीं?"

"बाहर देखेगा तो भागने का कोशिश करेगा. अभी उसका बाल गिरता, मैडम. सब बाल. छे महीना अंदर रहेगा, कोई देखेगा नहीं. फिर नया बाल आता, फिर बाहर."

मी म्हटलं ना, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अर्बाबांना वाटलं असेल, किती हळवी बाई! ते आणखी खुलले.

"बुरका डालके रखता मैं. बुरका निकालेगा तो काटता. सुबह रोज़ वज़न करेगा. मोटा हो गया तो काम नहीं करेगा ना! पासपोर्ट मेरे पास है, सब कागज़ पक्का."

माझी पेन्सिल थांबली. मी एवढंच कसंबसं विचारलं, "और... पहले कोई?"

"पहले वाला बुड्ढा हो गया," अर्बाब म्हणाले. "बहोत साल मेरे साथ था. पिछला साल पहाड़ में छोड़ दिया. बहोत रोया मैं."

ते गेले. आशुतोष आतून मुक्ताला घेऊन आला. एवढा वेळ तो तिचा डायपर बदलत होता आणि यातलं अक्षरही त्यानं ऐकलं नव्हतं.

"त्यांनी पहिलीला डोंगरात सोडलंय!" मी म्हणाले.

"हं. सोडतात."

"सोडतात?"

"म्हातारी झाली की सोडतात म्हणे. चांगली पद्धत आहे."

"आशुतोष! म्हातारी झाली की डोंगरात?"

"मग काय, जन्मभर बांधून ठेवायची?" असं म्हणून त्यानं टीव्हीवर मॅच लावली.

त्या दिवशी मी माझी उशी मुक्ताच्या पाळण्यापाशी नेली. माणसाशी लग्न होऊन चार वर्षं होतात आणि तो म्हातारपणी आपलं काय करणार आहे हे असं मॅच बघता बघता कळतं.

*

दोन दिवसांनी दुपारी आमच्या जिन्यात सभा भरली. इथे दुपारी दुकानं बंद असतात, नवरे कामावर आणि मुलं झोपलेली. जगातले सगळे निर्णय आम्ही तेवढ्या वेळात घेतो. खालच्या मजल्यावरची गुलबानू दापोलीकडची. तिचा नवरा शरीफ याचं सुतारकामाचं वर्कशॉप आहे. वरच्या श्यामलाकाकू मुलुंडच्या, आणि आखातात इतकी वर्षं काढलेल्या की आम्ही सगळ्या त्यांना कालच आल्यासारख्या वाटतो.

"दुसरी बायको," काकू म्हणाल्या. "स्पष्ट आहे. मी एम्बसीचा नंबर देते."

"एम्बसी काय करनार?" गुलबानू म्हणाली. "अगो, ती बालंतीन असंल. केस गलतात, आंधारात ठेवायची, कुनाची नजर लागाय नको. आमच्यात पन असंच. माझ्या खालेचं नाव पन शाहीन, तिला तर मानसं दिसली की चावायला धावायची!"

"आणि वजन?" मी विचारलं.

"ते मात्र नवीन हाय," गुलबानूनं कबूल केलं.

बाळंतीण! मला सगळा उलगडा झाला. कुठल्या तरी परमुलखातून आणलेली, केस गळणारी, चिडचिडी, अंधारात कोंडलेली पोर. आणि तिची खोली माझ्या हातात. मी तिथल्या तिथे ठरवलं की शाहीनला मी खिडकी देणार. नुसती खिडकी नाही, बाळंतिणीला हवी तशी खोली देणार. माझ्या बाळंतपणात आई व्हिसाच्या घोळात अडकून पोचलीच नव्हती. जे मला मिळालं नाही ते निदान तिला मिळू दे.

नशिबानं अर्बाबांना मस्कतला, कंपनीच्या कुरुमच्या ऑफिसात काही आठवड्यांसाठी बोलावलं. जाताना म्हणाले, "यल्ला मैडम, तुम्हारे ऊपर छोड़ा." असली वाक्यं माणसानं जपून वापरावीत.

चार भिंती, छप्पर आणि भिंतीतला एसी आधीच होते. शरीफभाईंनी माझं ड्रॉइंग उलटंसुलटं करून पाहिलं. "अर्बाबनी खिडकी नको सांगितली ना?"

"खिडकी माझ्या जबाबदारीवर."

"मोटी जबाबदारी दिसते," ते म्हणाले. खिडकी सहा फुटी होती.

खिडकी फोडली म्हणून बलदियाचा, म्हणजे नगरपालिकेचा, इन्स्पेक्टर आला. अतिशय सभ्य गृहस्थ. त्यानं विचारलं, इथे कोण राहणार? मी म्हटलं, एक बाई. त्यानं आत पाहिलं, बाहेर पाहिलं, आणि म्हणाला की माणूस राहणार असेल तर संडास-बाथरूम पाहिजे, नाहीतर बांधकाम थांबवा. बरोबरच होतं त्याचं. मग संडास आला. संडासासाठी पाइप आला, पाइपासाठी तीन खजुराची झाडं आडवी आली, त्यांना वळसा घालताना शेजाऱ्याच्या बागेचं पाणी फुटलं. शेजारी आला. त्याला मी सांगितलं, शाहीनसाठी चाललंय. तो एकदम शांत झाला, छातीवर हात ठेवून "माशाल्ला" म्हणाला आणि फावडं घेऊन स्वतः खणायला लागला. मला वाटलं, काय पुण्यवान बाई आहे! गावात केवढा मान!

भिंतींना फिका गुलाबी रंग दिला. छताला पंखा. भिंतीत मोठा आरसा, कारण बाळंतिणीला आपण अजून आहोत हे दिसलं पाहिजे. शेकायला शेगडी. आणि बाज. शरीफभाईंनी दापोलीच्या आठवणीनं काथ्यानं विणलेली खरी बाज केली. मी अर्बाबांना मेसेज केला, 'शाहीनला काय आवडतं?' उत्तर आलं, 'कबूतर.'

"बरोबर हाय," गुलबानू म्हणाली. "इथं बालंतिनीला कबुतराचा सूप देतात. ताकद येते."

तरी मी डिंकाचे लाडू केलेच. आपली म्हणून काही पद्धत असते.

*

शाहीन यायची होती त्या दिवशी आम्ही तिघी सकाळपासून मज़ऱ्यावर होतो, आणि शरीफभाई हत्यारं घेऊन शेवटचा हात फिरवायला. मुक्ता माझ्या कडेवर. काकूंनी खणा-नारळाची ओटी आणली होती. "धर्म कुठलाही असो, माहेर लांब असतं," त्या म्हणाल्या. गुलबानूनं ढगळा मॅक्सी शिवून आणला होता. माप माहीत नव्हतं म्हणून पुढे बटणं लावली होती. कशाला ते तुम्हाला कळलंच असेल.

अर्बाबांची गाडी आली. ड्रायव्हरच्या शेजारून ते उतरले. मागचं दार उघडेल म्हणून आम्ही तिकडे पाहत राहिलो. ते उघडलंच नाही. अर्बाब चालत आमच्यासमोर आले. त्यांच्या डाव्या हातात कातडी हातमोजा होता, मोज्यावर एक पक्षी होता, आणि पक्ष्याच्या डोक्यावर छोटीशी चामड्याची टोपी होती, डोळे झाकणारी.

"ये शाहीन," ते म्हणाले.

मी आजही दुपारी मुक्ताला थोपटताना मधेच थांबते आणि तो क्षण आठवून दचकते. ससाणा! बहिरी ससाणा. ती टोपी म्हणजे बुरका. गळणारे केस म्हणजे पिसं. अर्बाबांना 'पर' हा हिंदी शब्द येत नव्हता, एवढंच. पासपोर्ट आखातात ससाण्यांनाही असतो, आणि जड झालेली ससाणी शिकारीला उडत नाही, म्हणून ते वजन. शिकारीचा हंगाम संपला की ससाणीची सगळी पिसं झडून नवी येतात, आणि तोवर तिला शांत, थंड खोलीत ठेवतात. आशुतोषच्या ऑफिसातल्या पोऱ्यापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं म्हणे. आशुतोषलाही. "त्याच्या मोबाइलवर तिचाच तर फोटो आहे," असं तो नंतर म्हणाला. "मला वाटलं, तुला माहीत आहे."

काकूंच्या हातातला नारळ खाली पडला आणि गडगडत थेट खोलीत गेला. त्याच्यामागून अर्बाब गेले.

आतून त्यांचा आवाज आला.

"मैडम. ये पलंग किसका?"

मी दारात उभी राहिले. अर्बाबांची नजर पंख्यावर होती. मग आरशावर. मग सहा फुटी काचेवर, जिच्यातून स्वच्छ निळं आभाळ दिसत होतं आणि जिच्यावर कुठलाही पक्षी पहिल्याच झेपेत मान मोडून घेईल. मग शेगडीवर. शेवटी ते बाथरूमच्या दाराशी थांबले.

"शाहीन इधर बैठेगा?" त्यांनी कमोडकडे बोट दाखवलं.

मी सांगितलं. काय करणार! कडेवर मूल असताना माणसाला नीट खोटंही बोलता येत नाही. केस, बुरका, पासपोर्ट, वजन, सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा हसू फुटायच्या बेतात होता. ते बाजेवर टेकले आणि खांदे गदगदा हलायला लागले. आणि मग एकदम थांबले.

"पहाड़ में?" ते म्हणाले. "तुम सोचा, मैं अपना बीवी को पहाड़ में छोड़ा?"

मी मुक्ताला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"तुम मेरे घर में चाय पिया, ईद में. फिर भी ऐसा सोचा?"

कुणी थोबाडीत मारली असती तर बरं. धक्का त्या पक्ष्याचा नव्हता, हा होता. एका भल्या माणसाबद्दल एवढं भयंकर मनात आलं आणि मला ते खरं वाटायला क्षणही लागला नव्हता. 'हं' म्हटल्याबद्दल मी आशुतोषवर रुसले होते. मी तर हं न म्हणताच सगळं मानून मोकळी झाले होते.

"अर्बाब, हमारा गलती," गुलबानू पुढे झाली. "बोलना था तो मेरे को बोलो. बालंतीन मैं बोली."

"एम्बसी मी," काकू हळूच म्हणाल्या.

अर्बाब उठले. शाहीनच्या छातीवरून त्यांनी बोटाचं मागचं पेर फिरवलं. "नया जगह है. गर्मी है. आज अंदर नहीं गया, डर गया, एक बाल टूटा, तो पूरा साल खलास," ते म्हणाले, माझ्याकडे न बघता. "मैं गाड़ी में एसी लगाके बैठता. असर तक. फिर ले जायेगा वापस."

असर म्हणजे तिसऱ्या प्रहरची नमाज. तेवढा वेळ मला होता.

पुढचं सगळं मी कसं केलं ते विचारू नका, कारण मलाच नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मी आधी मुक्ताला खाली सोडलं आणि स्वतःही तिच्याबरोबर फरशीवर बसले. रांगतं मूल घरात असलं की बाईला एक वेगळी नजर येते. हिचं डोकं कुठे आपटेल, बोट कुठे अडकेल, काय तोंडात घालेल, कशाला घाबरेल. मी तीच नजर छताकडे वळवली आणि ओरडले, "शरीफभाई, आधी पंखा!"

पंखा उतरला. आरसा उतरला. काचेच्या जागी उभ्या लाकडी पट्ट्या आल्या. मी जाळी म्हटलं तेव्हा गाडीची काच खाली झाली आणि आतून आवाज आला, "जाली नहीं! जाली में बाल फँसता!" पट्ट्यांमागे ज्यूटचं जाड कापड लावलं, उजेड गाळून यावा, आभाळ दिसू नये. बाजेचे पाय कापून दोन दांड्या केल्या आणि त्यांना दुकानातली हिरवी प्लास्टिकची हिरवळ गुंडाळली, पंजे सोलू नयेत म्हणून. बाथरूमचा कमोड उखडला. तिथेच मला सुचलं की दाराबाहेर दुसरं दार पाहिजे, म्हणजे पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही आणि कुणीही बेसावधपणे आत शिरलं तरी ती बाहेर निसटायची नाही. आमच्या फ्लॅटमध्ये मुक्ता जिन्याकडे रांगत सुटते म्हणून मी खुर्ची आडवी लावते, तेच. जेवण सरकवायला भिंतीत छोटी झडप. गुलबानूचा मॅक्सी एसीच्या तोंडाला बांधला, वारा थेट अंगावर नको म्हणून. बटणं उपयोगी पडली.

नेमका तेव्हाच इन्स्पेक्टर शेवटची पाहणी करायला आला. त्यानं पाहिलं: खिडकी बंद, संडास गायब, पलंगाच्या जागी दांडी, जमिनीवर पाण्याची परात, बाहेरून कड्या असलेली दोन दारं. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"इथे," तो अर्बाबांना अरबीत म्हणाला, आणि एवढं अरबी मलाही कळतं, "त्या बाईला ठेवणार?"

अर्बाबांनी गाडीतून उतरून त्याला शाहीन दाखवली. मग दोघं इतके हसले की ड्रायव्हर धावत आला. इन्स्पेक्टर डोळे पुसत मला म्हणाला, पक्ष्यासाठी संडास लागत नाही मैडम. मी म्हटलं, शुक्रन.

पण अर्बाब माझ्याशी बोलले नव्हते.

त्यांनी शाहीनला आत नेलं, दांडीवर ठेवलं, बुरका काढला आणि मागं येऊन दोन्ही दारं लावली. झडपेतून मांसाचा तुकडा सरकवला. "नहीं खाया, तो कमरा पसंद नहीं," एवढंच म्हणाले. आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे राहिलो. झडपेच्या फटीला एक डोळा माझा आणि एक त्यांचा.

शाहीन बघत होती. काय डोळे ते! काळेभोर, रागीट, सगळ्या जगावर संशय घेणारे. तुकड्याकडे ढुंकून पाहिना. मान फिरवली. पुन्हा फिरवली. मी हे रोज तीनदा बघते, वरणभाताच्या वाटीसमोर. त्या वेळी बोलायचं नाही, पुढं पुढं करायचं नाही, श्वाससुद्धा आपल्याला फारशी पर्वा नसल्यासारखा घ्यायचा. आम्ही तसा घेतला. मग तिनं अंगावरची सगळी पिसं एकदम फुलवली, खडखडून झटकली, खाली उडी मारली आणि तुकड्यावर पाय ठेवला.

पहिला घास गिळला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "शहाणी गं माझी बाई ती!"

"शश्श!" अर्बाब म्हणाले. मग कुजबुजले, "क्या बोला?"

मी अर्थ सांगितला. त्यांनी फटीला पुन्हा डोळा लावला आणि अगदी हळू म्हटलं, "शानी ग माजी बाई ती." त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

*

पुढच्या शुक्रवारी त्यांनी आम्हाला मज़ऱ्यापलीकडच्या त्यांच्या घरी बोलावलं. "घर का डिज़ाइन तुम करेगा," ते मला म्हणाले. "लेकिन पहले जो घर में रहता, उसको पूछो. सब पूछो. शरम नहीं."

आणि ईदेला माहेरी गेलेल्या त्यांच्या बायकोशी, रहमाशी, त्यांनी ओळख करून दिली. शाळेत गणित शिकवणारी, चार मुलांची आई, उंच, हसरी. तिनं आधी मला मिठी मारली, मग म्हणाली, "तुम वही? जो मुझे पहाड़ से बचाने आया?" आणि हसून हसून तिला बसावं लागलं. मी वही उघडली. स्वयंपाकघर कसं हवं? तिनं खांदे उडवले. बैठक? "जो अहमद बोले." मुलांच्या खोल्या? "मजबूत."

तेवढ्यात एक मुलगा तिचा फोन घेऊन पळाला, दुसऱ्यानं तिच्या अबायाला हात पुसले आणि आतून तिसऱ्यानं 'मामा', म्हणजे आई, म्हणून टाहो फोडला. तिनं माझा हात धरला आणि मला बागेतून शाहीनच्या खोलीकडे घेऊन गेली. बाहेरचं दार उघडून तिनं आत डोकावलं. आत गारवा होता. आवाज नव्हता. झडपेपाशी ताटली होती.

"छे महीना?" तिनं विचारलं.

"छे महीना."

"खाना इधर से आता?"

"हाँ."

"कोई अंदर नहीं आता? आवाज़ नहीं देता?"

"कोई नहीं."

रहमानं दाराच्या कडीवर हात ठेवला. "लिखो," ती म्हणाली. "मेरे लिए ऐसा एक."

मी लिहू लागले. आणि खरं सांगते, इतक्या धक्क्यांनंतर हा सगळ्यात मोठा होता. इतके आठवडे त्या खोलीत मी खपले, पुसलं, मोजलं, रंगवलं, आणि आपण स्वतःच आत शिरून दोन्ही दारं लावून घ्यावीत, हे मला एकदाही सुचलं नव्हतं.